‘हट्टी’ हा शब्द वहीतून का खोडला?

प्रश्न :

आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी ऑटिझमचं निदान झालं. तीन महिन्यांपासून आठवड्यातले चार दिवस एबीएची (वर्तनाच्या शास्त्रावर आधारलेल्या थेरपीची) सेशन्स चालू आहेत. थेरपिस्ट मॅडमनी आम्हाला एक वही दिली आहे. तीन रकाने : आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. पहिल्याच दिवशी मी मधल्या रकान्यात लिहिलं, ‘आंघोळीच्या वेळी हट्टीपणा केला.’ मॅडमनी ‘हट्टीपणा’ खोडला. दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘फार चिडला.’ तेही खोडलं. म्हणाल्या, ‘फक्त दिसलं ते लिहा.’

मी पेशानं इंजिनिअर आहे, मोजमापाचं मला वावडं नाही. पण माझ्या मुलाला राग येतो हे मला दिसतं आणि ते लिहायचं नाही? त्याला मन आहे की नाही? या विषयावर वाचायला घेतलं तर पानोपानी उंदीर आणि कबुतरं. सेशनमध्ये प्रत्येक उत्तरामागे त्याला एक चकती मिळते, पाच चकत्या झाल्या की टॅब. ही लाच नाही तर काय? माझी आई एकदा सेशनला बसली आणि घरी येऊन म्हणाली, ‘सर्कशीत असंच शिकवतात.’ पत्नीचा मात्र पूर्ण विश्वास आहे आणि मुलगा काही गोष्टी शिकलाय हेही खरं. त्यात, मोठ्या झालेल्या काही ऑटिस्टिक माणसांनी लिहिलेलं वाचलं, की लहानपणी घेतलेल्या या थेरपीचा त्यांना त्रासच झाला. या शास्त्राच्या बुडाशी नेमका विचार काय आहे हे कळेपर्यंत मला वही भरवत नाही. गेल्या आठवड्याच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. रविवारी मी बाहेर असतो, मुलाला आई सांभाळते, आणि त्या दिवशी काही झालंही नाही, म्हणून ते पान कोरं आहे.

— वहीला कंटाळलेला एक बाबा

उत्तर :

तुमच्या मॅडमनी शब्द खोडले ते बरोबर केलं, पण कारण न सांगता खोडले हे चुकलं. ‘आधी काय, नंतर काय’ हे दुसऱ्याला विचारणाऱ्या माणसानं बापाच्या वहीवर मुकाट रेघ मारावी, हे मला पटत नाही. त्या रेघेमागचं सांगायचं राहिलंय ते मी सांगते, कारण तुम्ही विचारलेलं सगळं त्या दोन खोडलेल्या शब्दांतच आहे.

असं बघा. मुलगा ओरडतो. का ओरडतो? हट्टी आहे म्हणून. हट्टी आहे कशावरून? अहो, आंघोळ म्हटलं की ओरडतो ना! निघालो तिथंच परत आलो. ‘हट्टी’ हे ओरडण्याचंच दुसरं नाव झालं, त्याचं कारण हाती लागलंच नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा अशा शब्दांवर आयुष्यभर रोख होता. उत्तर मिळाल्याचं समाधान हे शब्द देतात आणि शोध तिथंच थांबतो, ही त्याची तक्रार. ‘आळशी आहे’, ‘लक्षच नाही’, ‘मुद्दाम करतो’ ही त्याच घराण्यातली मंडळी. आणि ‘ऑटिझम आहे ना, म्हणून करतो’ हेही. हे शेवटचं तर आमच्या क्षेत्रातली शिकलीसवरलेली माणसंही सर्रास म्हणतात. ऑटिझम सकाळी असतो तसाच संध्याकाळी असतो, मंगळवारी असतो तसाच रविवारी असतो. मग ओरडणं आंघोळीलाच का? जी गोष्ट बदलत नाही तिनं बदलणाऱ्या गोष्टीचा उलगडा होत नाही, हे इंजिनिअरला मी काय सांगावं.

आता मनाचं. इथं दोन वेगळ्या माणसांची मतं एकत्र कालवली जातात आणि बिचाऱ्या पालकांपर्यंत तो काला पोचतो. १९१३ मध्ये जॉन वॉटसननं जाहीर केलं की मानसशास्त्रानं दिसेल तेवढंच पाहावं, मनातल्याच्या भानगडीत पडू नये. तुम्हाला जी भीती वाटते ती या वॉटसनची. स्किनर तिथं थांबला नाही. १९४५ च्या एका लेखात त्यानं वेगळी वाट धरली. एखादी गोष्ट कातडीच्या आत घडते म्हणून ती शास्त्राच्या बाहेर का टाकायची? दाढेचा ठणका, मनातल्या मनात बोलणं, राग, भीती, सगळं त्याच शरीराचं चलनवलन आहे. फरक इतकाच की ते अनुभवणारा एकटा असतो. मन नाकारायचं नाही, पण मनाला शेवटचं उत्तर मानायचं नाही, अशी ही भूमिका. तिचं नाव मूलगामी वर्तनवाद. ‘मूलगामी’ म्हणजे टोकाचा असं समजून बरेच लोक बिचकतात. अर्थ साधा आहे, मुळापर्यंत जाणारा.

तेव्हा तुमच्या मुलाला राग येतो, अगदी खराच येतो. पण ‘राग आला म्हणून ओरडला’ यावर थांबलात तर राग कशानं आला हे उरतंच. राग आणि ओरडणं ही दोन्ही एकाच वेळी, एकाच परिस्थितीतून आली असतील, तर ती परिस्थिती आपल्याला हवी आहे.

त्याच लेखात स्किनरनं एक फार सुंदर प्रश्न हाताळलाय. दुखणं आतलं, आपल्याला दिसत नाही. मग ‘दुखतंय’ हा शब्द आपण लहान मुलाला शिकवतो कसा? तर बाहेरच्या खुणांवरून. गुडघा फुटलेला दिसतो, मूल रडतं, हात तिथं नेतं, आणि आपण म्हणतो, ‘दुखतंय का रे?’ हळूहळू तो शब्द आतल्या कळेला चिकटतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये हा धागा सैल राहतो. कळ असते, पण आपल्या ओळखीच्या खुणा नसतात, आणि शब्द तर नसतोच. म्हणून कधी अचानक ओरडणं वाढलं, डोकं आपटणं सुरू झालं, कानावर मारून घेणं दिसलं, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे कान, दात, पोट तपासून घ्या. दाढ किडलेल्या मुलाचं ‘वर्तन सुधारत’ बसणारे लोक मी पाहिले आहेत.

पुढचा पाया म्हणजे, वर्तन अकारण घडत नाही. एडवर्ड थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडून पाहिलं. खिट्टी दाबली की दार उघडायचं. पहिल्यांदा मांजर ओरबाडायचं, चावायचं, अंग घुसवायचं, आणि त्या धडपडीत कधीतरी खिट्टी दाबली जायची. पुढच्या खेपांना बाकीची धडपड गळत गेली आणि खिट्टी उरली. मांजराला एकदम ‘समजलं’ असं कुठं दिसलं नाही. ज्या हालचालीनं दार उघडलं तीच फक्त टिकली. स्किनरनं पुढं हा विचार फार लांब नेला. १९८१ च्या लेखात तो म्हणतो की निसर्गात जसे टिकणारे जीव निवडले जातात, तशीच एका माणसाच्या आयुष्यात परिणामांमुळे वागणुकीची निवड होते, आणि तशीच समाजात रीतीभातींची. आज जे मूल तुमच्यासमोर ओरडतंय त्यामागं कालपरवा ओरडल्यावर काय झालं, याचा इतिहास आहे.

याला नियतिवाद म्हणतात आणि त्यावर तत्त्वज्ञानाचे लोक भांडत आलेत. माणसाला स्वातंत्र्य नाही का, वगैरे. त्या वादाचा निकाल लावायची माझी ताकद नाही. पण कामापुरतं सांगते. ‘तो वाईट आहे’ या वाक्याच्या जागी ‘कशामुळे घडतंय?’ हा प्रश्न आला की मूल आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येतं. बापही येतो. आईही येते.

चला, तुमची पानं उघडू. मंगळवार : ‘टॅब काढून घेतला. बाथरूमपाशी नेलं. ओरडला, चौकट धरून बसला, १२ मिनिटं. शेवटी ओल्या कपड्यानं अंग पुसून झोपवलं.’ बुधवार : ‘बाथरूममध्ये आपणहून आला. डोक्यावर पाणी पडताच ओरडला, माझा हात चावला. डोकं न धुता बाहेर काढलं.’ गुरुवार : ‘त्याच्याकडून टॅब परत मागितला. आंघोळीचं नावही काढलं नव्हतं, तरी ओरडायला लागला. पाच मिनिटं परत दिला, गप्प झाला.’

तुम्ही म्हणता तुम्हाला वही भरवत नाही, पण ही नोंद उत्तम आहे. या तीन दिवसांवर ‘हट्टीपणा’ असा एकच शिक्का मारला असता तर ते तीन वेगळे दिवस आहेत हे कळलंही नसतं. बुधवारी तो बाथरूमला घाबरला नाही, डोक्यावर पडणाऱ्या पाण्याला घाबरला. गुरुवारी पाण्याचा संबंधच नव्हता, टॅब जाण्याचा होता. मंगळवारी दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ आल्या, त्यामुळे कोणती लागू पडली ते त्या पानावरून सांगता येत नाही. आवाज तिन्ही दिवशी सारखाच, कारणं किमान दोन.

आमच्या क्षेत्रात याला वर्तनाचं कार्य म्हणतात. त्या वागण्यानं मुलाला काय साधतं? ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या परिस्थिती मुद्दाम उभ्या केल्या. एकात इजा केली की कोणीतरी जवळ येऊन काळजीनं बोलायचं, एकात दिलेलं काम थांबायचं, एकात मूल एकटं असायचं, एकात नुसता खेळ आणि कसलीही मागणी नाही. कृती वरून सारखीच, पण कुणाची लक्ष मिळण्यावर चालायची, कुणाची कामातून सुटण्यावर, कुणाची एकटं असतानाही. त्याआधी ‘असं वागलं की असं करा’ या छापाचे उपाय चालत. आता कार्य न शोधता कुणी उपाय सांगायला लागलं, उदाहरणार्थ ‘ओरडला की दुर्लक्ष करा’, तर सरळ विचारा, ‘कशावरून?’ सुटण्यासाठी ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करून त्याला बाहेर सोडलंत, तर त्याला हवं तेच दिलंत. आणि खरोखर भ्यालेल्या किंवा दुखत असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करणं हा मुळात उपायच नव्हे.

मंगळवारच्या पानात अजून एक माणूस आहे. मुलगा ओरडला, आंघोळ टळली. नको असलेली गोष्ट दूर गेल्यामुळे वागणं बळकट होतं, त्याला ऋण प्रबलन म्हणतात. (‘ऋण’ म्हणजे वजाबाकी. लोक याला शिक्षा समजतात. शिक्षेनं वागणं कमी होतं, प्रबलनानं वाढतं, मग ते धन असो की ऋण.) पण त्याच क्षणी ओरडणं थांबलं आणि तुम्ही सुटलात. तुमचंही ऋण प्रबलन झालं. पुढच्या वेळी तुम्ही आणखी लवकर माघार घ्याल अशी शक्यता वाढली. हा तुमच्यावरचा ठपका नाही. जो नियम मुलाला लागू तोच बापाला, आणि तोच चकत्या वाटणाऱ्या मॅडमना.

आता लाच. लाच देणाऱ्याच्या फायद्याची असते आणि बहुतेक वेळा घोटाळा चालू असताना तो मिटवायला दिली जाते. त्या हिशेबानं चकती लाचेत बसत नाही, पण गुरुवारचे पाच मिनिटं टॅब बऱ्यापैकी बसतात! ओरडणं चालू असताना दिले, गप्प करायला दिले. चकतीवर माझा आक्षेप वेगळा आहे. ती कशासाठी चालू आहे आणि कधी बंद व्हायची आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. चकती हा टेकू आहे. ‘पाणी’ म्हटल्यावर पाणी मिळणं, ‘ये’ म्हटल्यावर कुणीतरी येणं, हे त्या शब्दाचं खरं फळ. टेकू काढायचा बेत नसेल तर तुमच्या आईंचं सर्कशीबद्दलचं म्हणणं मी खोडणार नाही.

आणि प्रबलन म्हणजे बक्षीस नव्हे, यावर माझा स्वतःचा एक फजितीचा किस्सा आहे. मी नवी होते. सात वर्षांची एक मुलगी, रंगानुसार ठोकळे लावायला शिकत होती. ठोकळा बरोबर पडला की मी खणखणीत ‘शाब्बास!’ म्हणून टाळ्या वाजवायची. पहिल्या आठवड्यात दहापैकी सात बरोबर यायचे, तिसऱ्या आठवड्यात दोन. मी वहीत लिहिलं, ‘सहकार्य करत नाही.’ आमच्या वरिष्ठ बाई एक दिवस मागं येऊन बसल्या. सेशन संपल्यावर एवढंच विचारलं, ‘ठोकळा ठेवायच्या आधी ती खांदे का वर घेते?’ मी पाहिलंच नव्हतं. ती टाळीची वाट बघत अंग चोरत होती. बरोबर उत्तराला मी शिक्षा देत होते आणि नाव ठेवत होते तिला. टाळ्या बंद केल्या, ठोकळा बरोबर पडला की तिचा आवडता भोवरा गुपचूप पुढं सरकवायला लागले. आठवडाभरात गाडी रुळावर आली. एखादी गोष्ट प्रबलक आहे की नाही हे देणारा ठरवत नाही. त्यानंतर ते वागणं वाढलं का, यावर ठरतं. आज प्रबलक असलेली गोष्ट उद्या असेलच असंही नाही. जॅक मायकेल यांनी १९८२ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. पोट भरलेल्याला खाऊचं मोल नाही, आणि दुपारभर टॅब पाहिलेल्या मुलाला पाच चकत्यांचं नाही.

उंदीर-कबुतरांपासून माणसांपर्यंत हे आलं कसं, ते थोडक्यात सांगते. १९४९ मध्ये फुलर यांनी अठरा वर्षांच्या एका अंथरुणाला खिळलेल्या मुलावर काम केलं. हा काहीही शिकू शकणार नाही, असं त्याच्याबद्दल डॉक्टरांचं मत होतं. उजवा हात हलला की तोंडात साखर घातलेल्या कोमट दुधाचे थेंब. तो हात उचलायला शिकला. आज तो प्रयोग वाचताना अंगावर काटाही येतो (त्या मुलाला हात उचलून काय मिळणार होतं?) आणि तरीही ‘याला येणारच नाही’ या वाक्याला पहिला तडा गेला तो असल्याच कामांनी. पुढं १९६८ मध्ये या विषयाचं पहिलं स्वतंत्र नियतकालिक निघालं. त्याच्या पहिल्याच अंकात डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली या तिघांनी एबीए कशाला म्हणायचं याच्या सात कसोट्या लिहिल्या. सातही सांगत बसत नाही. तुमच्या उपयोगाच्या तीन सांगते.

पहिली, बदल त्या माणसाच्या जगण्यात महत्त्वाचा हवा. प्रयोगशाळेत कळ दाबणं चालतं, इथं नाही. दुसरी, तुमच्या उपायामुळेच फरक पडला हे दाखवता आलं पाहिजे. मुलं तशीही वाढतात, ऋतू बदलतात, शिक्षक बदलतात. म्हणून आधी काही न करता मोजायचं, मग एकच गोष्ट बदलायची, पुन्हा मोजायचं, आणि शक्य असेल तर ती गोष्ट काढून पाहायची. तुम्ही बिघाड शोधताना दोन भाग एकदम बदलत नाही ना, तसंच. उपाय चालला नाही तर मुलाला दोष द्यायचा नाही, आपला तर्क चुकला म्हणायचं. तिसरी, शिकलेलं टिकलं पाहिजे आणि सेशनच्या खोलीबाहेर आलं पाहिजे. हे आपोआप होत नाही. स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ मध्ये ‘शिकवा आणि आशा धरा’ अशी या सवयीची थट्टा केली होती. ती थट्टा अजून जुनी झालेली नाही.

राहिली त्या मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांची गोष्ट. त्यांचं म्हणणं बाजूला सारू नका, आणि कुणी ‘ते जुन्या काळचं’ म्हणून उडवून लावलं तर तेही मानू नका. इवार लोवास यांचा १९८७ चा अभ्यास एबीएच्या जाहिरातींत फार मिरवला जातो. आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त, १९ मुलं, त्यांतली ९ सर्वसाधारण शाळेत, सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोचली. आकडा मोठा आहे. पण कोणत्या मुलाला कोणती उपचारपद्धत, हे तिथं चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. आणि त्या पद्धतीत मोठ्यानं ‘नाही!’ ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं होतं, हेही त्याच लेखात आहे. शिवाय, ‘इतरांसारखं दिसणं’ हेच यश असं धरलं की मूल लपवायला शिकतं. हात फडफडवणं थांबतं, आतली घालमेल थांबत नाही.

इथं शास्त्राची हद्द संपते. वागणं कसं बदलतं हे ते सांगतं. कोणतं बदलावं हे सांगत नाही. माँट्रोज वुल्फ यांनी १९७८ मध्ये हाच मुद्दा आपल्याच लोकांपुढं ठेवला : ध्येय, पद्धत आणि निकाल, तिन्ही ज्यांच्यासाठी आहेत त्यांना विचारा. माझ्या मते त्यात पहिला मान मुलाचा. बोलता येत नसलं तरी मान फिरवणं, उठून जाणं, खांदे वर घेणं हे ‘नको’च आहे. ते उत्तर म्हणून नोंदलं जातंय की ‘असहकार’ म्हणून, यावरून थेरपिस्ट ओळखावा.

ध्येय तपासायला एक युक्ती देते. ऑग्डन लिंडस्लींनी १९६५ च्या सुमारास सांगितली आणि तिचं नावच ‘मृत माणसाची कसोटी’ आहे. जे प्रेतालाही जमतं ते वर्तन नव्हे. ‘ओरडणार नाही’, ‘हात हलवणार नाही’, ‘शांत बसेल’ या सगळ्यात प्रेत पहिलं येईल. मुलाच्या योजनेत अशी ध्येयं असली तर ती बदलून घ्या. ‘थांब’चं कार्ड देईल, डोकं पुसायचा कपडा स्वतः मागेल, अशी हवीत. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं. मुलांना मदत मागायला, लक्ष वेधायला शब्द दिले आणि त्रासाचं वागणं उतरलं. मात्र तो शब्द कार्याशी जुळणारा असेल तरच. कामातून सुटका हवी असलेल्या मुलाला ‘माझ्याकडे बघा’ शिकवून काही झालं नाही.

तुमच्या घरी ते असं दिसेल. पुढचे दहा दिवस आंघोळ आणि टॅब वेगळे करा. टॅब आंघोळीच्या आधी काढून घेण्याऐवजी आंघोळीनंतर ठेवा. डेव्हिड प्रिमॅकचं १९५९ पासूनचं म्हणणं आहे की जे आपणहून जास्त केलं जातं ते, कमी केल्या जाणाऱ्या गोष्टीच्या मागं लावावं. घराघरांत आया ते न वाचताच करतात. डोक्यावर पाणी तूर्त बंद. त्याच्या हातात ‘थांब’चं कार्ड द्या आणि त्यानं दाखवलं की खरंच थांबा, पहिले काही दिवस दर वेळी. तुम्हाला वाटेल आंघोळ कधी होणारच नाही. ओरडून थांबवण्यापेक्षा कार्डानं थांबवणं स्वस्त पडतंय हे त्याला एकदा कळू द्या, मग वाढवता येईल, आधी खांद्यापर्यंत, मग मानेपर्यंत. ही आखणी मॅडमना दाखवून करा. मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही, त्यांनी पाहिलंय.

वहीत ‘चिडला’च्या जागी ‘दात आवळले, कान झाकले, ४ मिनिटं ओरडला’ असं लिहा. आणि तुमची इच्छा असेल तर समासात ‘मला वाटतं घाबरला होता’ असंही लिहा. मॅडमनी खोडलं तर माझं नाव सांगा. अंदाज हा अंदाज म्हणून लिहिलेला चालतो, फक्त मधल्या रकान्यात नको. शेवटच्या रकान्यात तुम्ही काय केलंत ते प्रामाणिकपणे लिहीत आहातच, ते सोडू नका.

आता ते रविवारचं कोरं पान. ‘काही झालं नाही’ म्हणून सोडलंत, पण माझ्या दृष्टीनं आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं पान तेच. मूल तेच, बाथरूम तेच, आणि तरी ओरडणं नाही. त्या दिवशी आंघोळ घातली कुणी? तुमच्या आईंनीच ना? टॅब होता का, कधी बंद झाला, आधी पाणी पायावर घातलं की हातावर, डोकं धुतलं का, तोंडानं काय म्हणत होत्या, सगळं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत तीन रकान्यांत उतरवा. ‘काही नाही रे, घातली आंघोळ’ एवढंच म्हणाल्या तर येत्या रविवारी घरी थांबा आणि दाराआडून बघा. त्यांना न सांगता.